कढईतली माणसं

चिकोडीच्या बाजारातून सासूबाईंनी ते चित्र आणलं आणि आमच्या शहापूरच्या घराची शांतता गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मी नुकतीच नांदायला आले होते. चित्रात वर यमाचा दरबार आणि खाली चौकटी-चौकटींत नरकातले जीव. कुणाला करवतीनं चिरतायत, कुणाला काट्यांवरून ओढतायत. प्रत्येक चौकटीखाली पाप कुठलं ते छापलेलं. घरात अक्षरओळख मला एकटीला, म्हणून अर्थ सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

सासूबाईंना मी आत्या म्हणे. त्या रहाटावर रेशमाचा धागा गुंडाळून मागासाठी कांड्या भरत आणि मी वाचून दाखवी. चहाडी, चोरी, सगळं त्यांनी मजेत ऐकलं. कुठल्या चौकटीत कुठली शेजारीण जाणार, तेही ठरवून टाकलं. मग कढई आली. उकळत्या तेलात पाच-सहा माणसं, हात वर केलेली. ‘जिवंत प्राण्यांना उकळणारे.’ मी वाचून मोकळी झाले आणि रहाट थांबला.

“रेशमाचं किडं जित्तंच उकळत्यात न्हवं गं?”

आमच्या घरच्या मागावर विणायच्या लुगड्याचं अंग सुताचं, पण काठ-पदर रेशमाचे. त्या दिवसापासून आत्यांनी रेशमाला हात लावला नाही. आमचे हे आधी हसले. “आई, मग सोवळं नेसून पूजा करणारं समदं कढईतच की!” चार दिवसांनी माग अडला तेव्हा त्यांचं हसू पळालं. आत्यांना घास गिळेना. उठून चित्रापाशी जात, परत येऊन बसत, पुन्हा उठत. मला माझाच संताप येत होता. एवढं भराभरा वाचायची काय गरज होती?

शेवटी मी सरळ खोटं बोलले. “आत्या, माझं वाचायला चुकलं. मारून खाणारं, असं हाय ते. आपुन कुठं किडं खातो?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “व्हय?” एवढंच म्हणाल्या आणि रहाटाकडे वळल्या.

दोनच दिवस बरे गेले. वडगावहून त्यांची भाची आली, शाळेत जाणारी. मी चुलीपाशी होते. आत्यांनी तिला नेमकी कढईखालची ओळ वाचायला लावली आणि तिनं ती घडाघडा वाचली. माझी तव्यावरची भाकरी करपली.

भाची जाईपर्यंत मी घरभर उगाच फिरत होते. आता आपली माहेरी पाठवणी होणार, हे मी धरूनच चालले होते. आत्या मात्र रहाटावर बसल्या आणि त्यांनी रेशमाची लडी उलगडली. मदतीला म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

“तू सूत घे. माग तर चालाय पायजे. कढईत उकळायचं ते मी एकटी उकळीन. तू नगं.”

मला रडू फुटलं. त्या असेपर्यंत, म्हणजे पुढची नऊ वर्षं, रेशमाची एकही कांडी त्यांनी मला भरू दिली नाही.