हुंगलेले हात

पॅकिंग खात्याच्या दारात वेल्फेअर ऑफिसर बाईंनी माझे दोन्ही हात धरले, नाकाशी नेले आणि हुंगले. आधी तळवे. मग नखं. म्हणाल्या, "परत धुऊन ये. मनाला लावून घेऊ नकोस हं."

मागे सगळी लाइन बघत उभी. कोलशेतच्या आम्ही चार कोळणी, तेवढ्याच बाजूला काढलेल्या. बाकीच्या बायका नळावर साबण लावून सरळ आत जात. त्यांच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी असे. तिला वास नव्हता. वास आम्हाला होता.

कारखाना तान्ह्या मुलांच्या पावडरीचा. दुकानदारांची तक्रार आलेली, की खोक्यांना मासळीसारखा वास येतो. मासळी म्हटल्यावर साहेबांनी फार शोध घेतला नाही. आम्ही समोरच होतो.

बाई डोंबिवलीहून यायच्या. एम.ए. झालेल्या. आमच्या कल्याणासाठी नेमलेल्या. कधी आवाज चढवला नाही. दर शनिवारी माझ्या आईने सुकवलेले सोडे माझ्याच हातून न्यायच्या. कागदात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी, ती पर्सच्या तळाशी. शनिवारी माझ्या हाताला वास नसायचा.

मी घरी लिंबाच्या साली घासायचे. राख घासायचे. बोटं फुटली, त्यात पावडर जाऊन झोंबायची. आई म्हणाली, "हात सोलून काढतेस काय गो?" सकाळी कोळंबी सोलायला बसणं बंद केलं. माझ्याच घरात मासळीपासून लांब, भिंतीला टेकून चहा प्यायचे.

मग क्वालिटी सर्कलचं खूळ आलं, म्हणजे कामगारांनी साहेबांबरोबर बसून मालातल्या दोषांची कारणं शोधायची. तेव्हा ते सगळ्याच कारखान्यांत नवीन होतं. टाय लावलेला एक माणूस शिकवायला आला. म्हणाला, इथे कोणी लहान नाही, कोणी मोठा नाही. फळ्यावर त्याने माशाचा सांगाडा काढला. डोक्याशी समस्या लिहायची, काट्यांवर कारणं. यंत्र, माल, पद्धत, माणसं. माशाचा काटा शिकायला खाडीवरून मला कारखान्यात यावं लागलं. 'माणसं' या काट्यावर बाईंनी सुरेख अक्षरात लिहिलं, 'कोळी स्त्रियांचे हात'. आम्ही चौघी पहिल्याच बाकावर होतो. समस्या सोडवायला बोलावलेलं, आणि समस्या आम्हीच.

पुढे लॅबोरेटरीत कळलं, खोकी चिकटवायच्या डिंकाचा नवा माल नासका होता. डिंक बदलला. वास गेला. तक्रारी थांबल्या.

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी दारात बाई उभ्याच. हात पुढे कर.

मी विचारलं, आता कशाला? त्या हसल्या. "चांगली शिस्त लागलीय, राहू दे ना. आणि स्पर्धेत दोन उपाय दाखवले की बरं दिसतं."

स्पर्धा वेगवेगळ्या कारखान्यांच्या सर्कलांची, ठाण्याच्या एका हॉलमध्ये होती. कारखान्याकडून बोलायला मला निवडलं. कोळी बाई स्वतः बोलली तर परीक्षकांवर छाप पडते, असा हिशोब. वाक्य पाठ करून दिलेलं: आम्हाला स्वच्छतेची सवय नव्हती, सर्कलमुळे ती लागली. हे बोललीस की पुढच्या महिन्यात कायम करू, असं बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलेलं. मी तीन वर्षं टेंपररी होते. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली. मी कायम झाले तरच घर उभं राहणार होतं. मी वाक्य पाठ केलं. बाईंनी माझे उच्चारही घासून घेतले.

हॉलमध्ये मी काठी घेऊन तक्त्यासमोर उभी राहिले. यंत्र सांगितलं. माल सांगितला, पद्धत सांगितली. काठी चौथ्या काट्यावर आली. पहिल्या रांगेत बाई ओठ हलवत होत्या, माझं वाक्य माझ्या आधी म्हणत होत्या.

ते ओठ बघताना वाक्य माझ्या डोक्यात होतं. तोंडात मात्र आलं नाही.

मी म्हटलं, "डिंक बदलला, वास गेला. आमचे हात तेच आहेत. तरी या बाई ते रोज हुंगतात. आणि शनिवारी याच हातांतून सोडे घरी नेतात."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. परीक्षकाने घड्याळ बघितलं. मी काठी टेबलावर ठेवली आणि खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईशेजारी बसून कोळंबी सोलली. नळावर साबण लावला, सगळ्यांसारखा, एकदाच. दारात हात पाठीमागे बांधले. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "नोकरीचा विचार कर गं."

"केलाय," मी म्हटलं. हात पुढे आले नाहीत. माझ्या मागच्या तिघींपैकी एकीने हात मागे घेतले. दोघींनी दिले.

महिनाअखेर साहेबांनी मला उद्यापासून यायचं नाही म्हणून सांगितलं. घर कसं चालवलं ते मला ठाऊक आहे, त्याची गोष्ट करून सांगणार नाही.

त्यानंतर मी चार कारखाने बघितले. प्रत्येक ठिकाणी आमच्या भल्यासाठी नेमलेलं कोणीतरी गोड बोलणारं होतंच. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते. माझ्या हातांना मासळीचा वास येतो, येणार. काम सांगा, करते. हात हुंगायला मिळणार नाहीत.