आधी गोल काढू

या, जरा जवळ बसा. तिकडे दारात उभं राहून ऐकायला मी काय रेशनची यादी वाचतेय? आणि मिस्त्रींबद्दल ऐकायचं तर घड्याळ बघायचं नाही, सांगून ठेवते. त्यांना घाई खपत नसे. मशीन बिघडो, शेठ डोक्यावर येऊन ओरडो, मिस्त्री आधी चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकानं पुसायचे, परत घालायचे आणि म्हणायचे, "आधी गोल काढू. दातांचं मग बघू."

वसई पूर्वेला आमचा गाळा होता. एव्हरशाईनच्या इमारती तेव्हा नव्या कोऱ्या होत्या. गाळ्यात नायलॉनचे गियर बनायचे, पाकिटं भरायच्या यंत्रांसाठी. कॉम्प्युटरच्या हुकमानं चालणारं राऊटर मशीन पांढऱ्या पाट्यांतून गियर कापायचं. ते मिस्त्री चालवायचे. दातांवर जी कुसळं राहायची ती मी ब्लेडनं खरवडायचे. माझी शाळा चौथीपर्यंत, पण बोटांना तर शाळा लागत नाही ना?

मिस्त्री उमेळ्याहून सायकलवर यायचे. घरची केळीची वाडी होती. डब्यात रोज एक राजेळी केळं जास्तीचं असायचं, ते माझ्या टेबलावर ठेवायचे आणि दुसरीकडे बघायचे. मी "कशाला?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "झाडाला विचार, बाय. मी नुसता आणतो."

एकदा गियर अडकायला लागले. दोन खुंट्यांवर जोडी लावून आम्ही हातानं फिरवून बघायचो. एका फेऱ्यात दोनदा अडायची. शेठ थेट माझ्याकडे आले. "बाई, तुम्ही दात जास्त खरवडता."

मी ब्लेड खाली ठेवलं. मिस्त्रींनी चष्मा पुसला. दात नाहीत, काही नाही, साधी गोल चकती कापली आणि केसभर फरकही दाखवणारा मापाचा चिमटा, व्हर्नियर, माझ्याच हातात दिला. "उभी मोज. आता आडवी मोज."

आडवी जरा कमी भरली. डोळ्यांना गोलच दिसत होती हो! मिस्त्री म्हणाले, "शेठ, स्क्रूवरचा नट झिजलाय. मशीन जाताना बरोबर जातं, परतताना केसभर मागं राहतं. बाईच्या ब्लेडचा काय दोष?"

नट बदलला, गियर फिरले. ती चकती मी पिशवीत टाकली. अजून आहे.

आता पुढचं सांगते, ते सांगायला जीभ जड होते.

मोठी ऑर्डर सोमवारी जायची होती. शनिवारी सगळे गियर तयार झाले, पण त्यांना पांढरा भुसा चिकटलेला. मला राहवलं नाही. घरी खरकटी भांडी भिजवतो तशी सगळी लॉट मी साबणाच्या पाण्यात बादलीत बुडवून ठेवली. रविवारी सुट्टी. सोमवारी येऊन पुसून चकाचक केले, आणि जोडी खुंट्यांवर लावली तर फिरेचना. दोन ठिकाणी नाही, सगळीकडूनच घट्ट.

मिस्त्रींनी गोल काढला. उभा, आडवा, दोन्हीकडून नेमका. मशीन शहाण्यासारखं वागत होतं. मग त्यांनी कोपऱ्यातली बादली पाहिली. मग मला.

"भिजवलेस?" अगदी हळू.

मी मानेनंच हो म्हटलं.

"नायलॉन पाणी पितं, बाय. आमच्या केळीसारखं. पिऊन फुगलंय."

तेवढ्यात शेठ आले. "काय झालं? टेम्पो उभा आहे!"

घरी नवरा अंथरुणावर, दोन मुलं शाळेत. माझं काम गेलं असतं तर आमचं काय झालं असतं, हे मिस्त्रींना माहीत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "माप माझंच चुकलं, शेठ."

मी बोलायला हवं होतं. तुम्ही असता तर बोलला असता का? माझं तोंड उघडलं नाही.

टेम्पो रिकामाच गेला. शेठ मिस्त्रींना म्हणाले, तुमचे डोळे गेले आता, नवा माणूस बघतो. महिनाअखेरीला मिस्त्री निघाले. जाताना टेबलावर केळं ठेवलं. "ती लॉट भंगारात देऊ नको. घरी ने, वाळव. परत मापात येतील."

मी चाळीच्या पत्र्याखाली पोत्यावर पसरून ठेवले. कितीतरी दिवसांनी एक जोडी पदरात लपवून गाळ्यात नेली, खुंट्यांवर लावली. काय फिरली! नुसतं बोट लावलं तरी फिरली. मी मागं वळून "मिस्त्री, बघा" म्हणाले. त्यांच्या स्टुलावर दुसराच कोणी बसला होता.

शेठना मी खरं सांगितलं, पण केव्हा? गाळा बंद होताना. ते म्हणाले, "राहू द्या बाई, झालं ते झालं." त्यांचं झालं. माझं नाही झालं. मग मी उमेळ्याला गेले, मिस्त्रींना शोधत. वाडीच्या जागी चार मजले उभे. वॉचमननं नाही म्हणून मान हलवली. एक म्हातारी म्हणाली, मुलीकडे गेले, विरारला का पलीकडे, ठाऊक नाही.

आता मी मुलाकडे राहते, एव्हरशाईनलाच. ती चकती चहाच्या कपावर झाकण म्हणून ठेवते. उभी धरा, आडवी धरा, डोळ्यांना गोलच दिसते; केसभर कमी आहे ते मला ठाऊक. रोज बघते.

तुम्ही चार ठिकाणी जाता-येता. कुणी म्हातारे चष्मा पुसून मगच बोलणारे भेटले, तर सांगा, सगळे गियर वाळले, मापात आले. आणि म्हणावं, बाय वाट बघतेय. या एकदा, लवकर या.