कॅन्टीनची पाखरं

आमच्या कॉलनीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे मला त्या घरच्यांच्या आधी कळतं. लोक मला चोंबडा म्हणतात. तोंडावरच म्हणतात आणि वर चहाही पाजतात, त्यामुळे मी आजवर कधी मनाला लावून घेतलं नाही. सुभेदारांची गोष्टही मी साताऱ्यात पन्नास जणांना सांगितली असेल. दर वेळी एक तुकडा मात्र गाळून सांगितली. आज तो घालून सांगतो.

सुभेदार म्हणजे शेजारचे नाथाजी. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली. मिशा अशा की पोस्टमनसुद्धा दारात ताठ उभा राहायचा. आणि असा हा गडी निवृत्त झाल्यावर पडला कुणाच्या नादी, तर अंगठ्याएवढ्या पाखरांच्या! फिंच म्हणतात त्यांना. आधी राखाडी, लाल चोचीची आणली, सातशेला जोडी. पिंजऱ्यात दिवसभर पीं-पीं चालायचं. मी म्हणायचो, "सुभेदार, बाकी बटालियन कधी येणार?"

मग एकदा त्यांच्याबरोबर एसटीनं सांगलीला गेलो. तिथून माधवनगरला. तिथं एकानं जुन्या यंत्रमागाच्या शेडमध्ये पाखरं वाढवली आहेत. माग गेले, आता तिथं भिंतभर पिंजरे. एका पिंजऱ्यात गोल्डियन फिंचची जोडी होती. हिरवी पाठ, जांभळी छाती, पिवळं पोट, जणू कुणी बसून रंगवलीय. सुभेदार तिच्यासमोर असे उभे राहिले, जसे मनुवहिनींसमोर लग्नातही राहिले नसतील.

"केवढ्याला?"

"अठ्ठेचाळीसशे. तुम्ही फौजी आहात म्हणून."

वर मोठा पिंजरा बावीसशेचा. शिवाय राळं, अंड्याचा खुराक, चोच घासायला समुद्रफेण, थंडीत लावायला दिवा. सात हजारांवर गेलं. परतीच्या एसटीत भोकं पाडलेलं खोकं मांडीवर घेऊन सुभेदार बसले होते आणि कराड यायच्या आत त्यांचा चेहरा उतरला होता.

"इंद्रजित, घरी काय सांगू रं? मनूनं दोन वर्षं झाली गुडघ्याचा पट्टा घेतला न्हाई. म्हणती, हजार रुपये कशाला घालवायचे."

आता माझ्या जिभेला हाड कुठलं! मी म्हटलं, "सांगा, मिलिटरी कॅन्टीनमधून आणली. साडेचारशेला. फौजी कोटा."

मी थट्टा केली होती. सुभेदारांनी ती हुकमासारखी घेतली.

आणि मनुवहिनींना ते पटलं! का नाही पटणार? त्यांच्या घरात साबण कॅन्टीनचा, कुकर कॅन्टीनचा, फ्रीज कॅन्टीनचा. आयुष्यभर जे जे स्वस्तात आलं ते तिथूनच आलं. त्या बायाबायांत सांगत सुटल्या, "आवं, साडेचारशेत एवढी देखणी पाखरं! सरकार करतं हां फौजींचं." मी कुंपणापलीकडं तोंडावर टॉवेल दाबून हसत होतो.

हे ऐकलं सुलाबाईंनी. सुलाबाई, आम्हा सगळ्यांच्या मावशी, मूळच्या जतकडच्या. त्यांचे मालक बिरदेव हे सुभेदारांच्याच पलटणीतले. दोघांनी शेजारी शेजारी प्लॉट घेतले होते. बिरदेव जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा जतला असतो, मावशी एकट्या. दिवाळीच्या सुट्टीत नात यायची होती, अपेक्षा. मावशींनी कनवटीचे साडेचारशे काढून सुभेदारांपुढं धरले.

"भावजी, माझं बी कॅन्टीनचं कार्ड हाय की. मला बी आणा एक जोडी. पोरगी लय नादावल."

सुभेदारांनी पैसे घेतले नाहीत. "वैनी, कोटा संपलाय," म्हणाले. पुढच्या आठवड्यात म्हणाले, माल यायचाय. त्याच्या पुढच्या आठवड्यात मावशी दिसल्या की सुभेदार मागच्या दारानं निघायचे. सहा फुटी माणूस दीडफुटी बोळातून जाताना बघून माझा दिवस सोन्यासारखा जायचा.

खरं सांगतो, तेवढ्यानं माझं भागलं नाही. मला अजून मजा हवी होती. मी मावशींना गाठलं. म्हटलं, "सुभेदारांच्या मागं कशाला लागता? महिन्याच्या सुरुवातीला नवा कोटा येतो. कार्ड तुमच्या नावाचं आहे, तुम्हीच जा की."

मला वाटलं, त्या तडक सुभेदारांकडं जातील, "चला माझ्यासंगं" म्हणतील आणि सुभेदारांची तंतरेल. गंमत एवढीच होती.

मावशी कुणाला न सांगता एकट्याच गेल्या.

दुपारी आम्ही सुभेदारांच्या ओट्यावर चहा घेत होतो. मावशी रिक्षातून उतरल्या. हातात छोटं डालगं, कोंबडी झाकतात तसलं, वर जुन्या साडीचा तुकडा बांधलेला. पाखरं आणायला नेलं होतं. रिकामंच होतं. त्या ओट्यावर बसल्या आणि सांगू लागल्या, एखाद्या दुसऱ्याच बाईचं सांगावं तसं.

"दोन तास लायनीत हुबी व्हते. नंबर आल्यावर म्हटलं, पाखरांची जोडी द्या. तो पोरगा बिचारा नीट बोलला, आजी, हितं पाखरं मिळत न्हाईत म्हणला. मी म्हटलं, कोटा असतुया, मला ठावं हाय. मग मागची माणसं हसाय लागली. एकजण म्हणला, आजी, हत्तीचा बी कोटा आलाय, डालगं मोठं आणायचं की."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. एरवी हे वाक्य मीच म्हटलं असतं.

सुभेदार उठून उभे राहिले. "वैनी, मी खोटं बोललो. ती कॅन्टीनची न्हाईत. अठ्ठेचाळीसशेला आणली माधवनगरहून. मनूला कळू नये म्हणून."

मनुवहिनी दारातच होत्या, एका हातानं चौकट धरून.

मावशी डालग्यावरच्या साडीच्या तुकड्याची गाठ सोडू लागल्या. मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी बी मला पंखा आणला, शिलाई मशीन आणलं. सगळं कॅन्टीनमधनं स्वस्तात मिळालं म्हणायचे. आता ते खरं का, कुणाला इचारू?"

आत पाखरं पीं-पीं करत होती.

सुभेदारांनी आतून पिंजरा आणून त्यांच्यापुढं ठेवला. "न्या वैनी. अपेक्षासाठी न्या."

"नगं. एवढं म्हागाचं माझ्याच्यानं संभाळायचं न्हाई." मग त्या माझ्याकडं वळल्या. "आन् ह्या इंद्रजितरावाला बी फसवलंसा तुमी. कोट्याचं खरं मानून बिचाऱ्यानं मला सांगितलं."

आता बोलायचं होतं मी. एक वाक्य पुरलं असतं. माझी जीभ, जी चौकात न विचारता चालते, ती टाळूला चिकटली. सुभेदारांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं, आणि म्हणाले,

"व्हय वैनी. त्याला बी मीच सांगितलं व्हतं."

मी कप खाली ठेवला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी गुडघ्याचा पट्टा आणला. वहिनींनी तो घेतला, उलटापालटा केला आणि विचारलं, "ह्याचं खरं किती?" तेव्हापासून त्या घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला हाच प्रश्न आहे. चहापत्तीला, बल्बला, कोथिंबिरीच्या पेंडीलासुद्धा. सुभेदार पावत्या दाखवतात. कॅन्टीनला जायचं मावशींनी सोडलंय. सामान वाण्याकडून आणतात, महाग पडतं तरी.

मी कुंपणापाशी जायचं टाळत होतो. परवा वहिनींनीच हाक मारली.

"भावजी, ह्यांच्यावर काय माझा इस्वास ऱ्हायला न्हाई. तुमी सरळ माणूस. तुमी तरी खरं सांगा, त्या पिंजऱ्याचं किती पडलं?"

"बावीसशे," मी म्हणालो.

त्या मान हलवून आत गेल्या. पुढचं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण दार लागलं, आणि मी कडी वाजवली नाही.