सगळ्यांत मागची रांग

वेबसाइट बनवणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. गिऱ्हाइकाला एवढंच विचारायचं, "साइट आता बदलू या का?" माझं शेगावला स्टेशनजवळ छोटं ऑफिस आहे. गिऱ्हाइकं बरीच, पण निम्मे किस्से एकट्या सलीमभाईंचे. वरवट बकालला त्यांचं बियाण्यांचं दुकान, आणि दुकानाची साइट मी केलेली.

*

पहिल्या फोटोसाठी गेलो तेव्हा पेरणीची गर्दी होती. "जरा बाजूला व्हा" म्हटलं, तर उलट आणखी माणसं आली. शेवटी पायऱ्यांवर बावीस शेतकरी आणि त्यांच्या डोक्यावर बियाणं कंपनीचं भलंमोठं बॅनर : 'बोंडअळीची चिंता सोडा!'

सलीमभाई फोटोत नव्हतेच. आत बियाणं देत होते.

"या ना बाहेर," मी म्हटलं.

"दुकान माझं हाय बाबू, फोटो गिऱ्हाइकाचा."

*

दोन वर्षांनी मी म्हटलं, नवीन डिझाइन करू. फोटो इतका जड होता की गावच्या नेटवर्कवर वरून खाली इंचाइंचानं उतरायचा. आधी बॅनर, मग मागच्या रांगेची डोकी, सगळ्यांत शेवटी पुढची रांग.

"लहान करतो," मी म्हणालो. सलीमभाई हादरले. "लोकं वाट पाह्यतात ना बे त्याची!"

खरंच पाहायचे. नारायणकाका, सलीमभाईंचे शाळेपासूनचे दोस्त, पुढच्या रांगेत बसलेले. त्यांचं तोंड येईपर्यंत चहा संपायचा. भेटले की एकच गाऱ्हाणं, "मले मांगं काऊन नाही उभं केलं?"

*

एकदा साइटवर रोज सकाळी धडाधड भेटी वाढायला लागल्या. मी खूश. आता ऑनलाइन ऑर्डरचं पान टाकू, म्हणून फोन केला.

चौकशी केली तेव्हा कळलं, नारायणकाकांच्या मुलीला सुलतानपूरचं स्थळ आलंय आणि तिकडचं अख्खं घर होणारा व्याही कसा दिसतो ते पाहतंय.

"आता तं साइटले हातच लावू नको," सलीमभाई म्हणाले. "लग्न जमून राह्यलं."

जमलंही. वऱ्हाडात माझी ओळख 'फोटोवाले' अशीच करून दिली गेली.

*

मग गुलाबी बोंडअळीचं ते साल आलं. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी. आणि साइट उघडली की पहिल्यांदा दिसायचं ते बॅनर, त्याखाली बावीस हसरे चेहरे.

नारायणकाकांनी दुकानाची पायरी सोडली. "त्या बॅनरखाली माह्यं थोबाड हाय," म्हणाले. "पाव्हणे विचारून राह्यले."

सलीमभाईंचा फोन आला. "बाबू, साइट बदल." चार वर्षं मी हेच मागत होतो, पण त्यांचा आवाज ऐकून मला मुळीच आनंद झाला नाही.

"बॅनर कॉम्प्युटरवर पुसून टाकतो. पाच मिनिटांचं काम," मी म्हटलं.

"पुसू नको. बियाणं मीच देल्लं ना त्याइले? नवा फोटो काढू, तेच लोकं बोलावून. आले तं दुकान हाय. नाही आले तं नाही."

*

बाजाराचा दिवस ठरला. बॅनर उतरवलेलं, भिंत मोकळी. अकरा वाजेपर्यंत कोणीच नाही. सलीमभाई एकच खुर्ची तीनदा पुसत होते.

मग एकेक जण आला, आणि जो आला तो थेट वरच्या पायरीवर! सगळ्यांना मागची रांग हवी. तिथे ही रेटारेटी, आणि पुढची रांग ओस. "मी पह्यले आलो बे!" "मागच्या टायमाले तूच होता ना वर!" मी कॅमेरा धरून हसतोय.

सगळ्यांत शेवटी नारायणकाका आले. खिशात किडकं बोंड. रेटारेटी थांबली. ते तडक आत गेले, सलीमभाईंना हाताला धरून बाहेर आणलं, अगदी खालच्या पायरीवर बसवलं आणि बोंड त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"तू इथं बस बे."

स्वतः मात्र वर जाऊन मागच्या रांगेत घुसले.

सलीमभाईंनी टोपी सारखी केली, हात छातीपाशी धरला. "काढ बाबू."

निघताना मी विचारलं, "या वेळी फोटो लहान करू ना?"

"मोठाच ठेव."

रात्रीच तो साइटवर चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणकाकांचा फोन आला.

"बाबू, आम्ही सारे आलो फोटोत. सलीम यायचा हाय अजून. चहा सांगतला, त्याच्याच पायरीवर बसून वाट पाहून राह्यलो."