धरायला जमुनाला बोलवा

बोईसरच्या एका धर्मादाय इस्पितळात घिवलीची जमुना मेहेर आया होती. झाडलोट, चादरी, भांडी ही तिची रोजची कामं. पण नाव होतं ते वेगळ्याच कामासाठी. पाय मोडलेलं मूल आलं की मोठे डॉक्टर आतूनच हाक द्यायचे, "धरायला जमुनाला बोलवा."

आईबापांना बाहेर काढलं जाई. जमुना डावा कोपर मुलाच्या छातीवर टाकी, उजव्या हातानं चांगली मांडी दाबून धरी आणि तोंड भिंतीकडे करी. लहानपणापासून जाळी ओढलेले हात ते; त्यांच्याखालून मूल सुटत नसे. डॉक्टर हाड ओढून बसवत. ते दुष्ट नव्हते. इथे भूल देणारं कोणी नाही, एवढ्याशा जिवाला भूल म्हणजे जोखीम, दोन मिनिटं रडेल आणि उद्या विसरेल, असं ते सांगत. सिस्टर तेच म्हणत, जमुनाही तेच म्हणू लागली होती.

तिला ही नोकरी लागली तीही धरण्यामुळेच. त्र्याहत्तर साली तिची सहा वर्षांची नलू बोंबील वाळवायच्या बांबूंवरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. तिला घेऊन जमुना याच इस्पितळात आली. त्या दिवशी आया रजेवर होती, म्हणून आईलाच धरायला लावलं. काम झाल्यावर मोठे डॉक्टर हात पुसत म्हणाले होते, बाई, तुझ्यासारखी माणसं पाहिजेत मला. पुढच्या महिन्यात ती कामाला लागली. बाहेर रडत बसलेल्या आईबापांना ती नेहमी सांगायची, माजी नलू बघा, तिनं हूं की चूं केलं नाय.

चौऱ्याऐंशीत मोठे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डॉक्टर उषा चुरी आल्या. केळव्याच्या बागायतदाराची लेक, मुंबईत शिकलेली, तिशीही न ओलांडलेली. ही पोर काय हाडं बसवणार, असं जमुनाला मनातून वाटलं.

मे महिना संपत आला होता, बोटी किनाऱ्यावर ओढायचे दिवस. दुपारी दांडी गावाहून एक मॅटाडोर आली. बोटीखालचा ओंडका निसटून कमलाकांतच्या सात वर्षांच्या शालूच्या मांडीवर आला होता. बापानं तिला मांडीवर आडवं धरलं होतं, पाय मोकळाच. गाडी थांबली तरी ती थांबत नव्हती. ओरडून ओरडून आवाज फाटला होता.

जमुना तिला उचलायला पुढे झाली, तर डॉक्टरीणबाईंनी अडवलं. त्या स्वतः गाडीत चढल्या, पायाखाली उशी घातली, बाजूनं फळी लावली, पट्ट्या बांधल्या, आणि मगच शालूला आत आणवलं. आत आल्यावर आई आनंदीला त्यांनी उशाशी बसवलं. आईला आत घेतलेलं जमुना पहिल्यांदाच बघत होती. सवयीनं तिनं पदर खोचला आणि कोपर पोरीच्या छातीवर ठेवला.

"मावशी, धरायचं नाही," उषाबाई म्हणाल्या. "तिच्याशी बोला."

जमुना गांगरली. अकरा वर्षांत टेबलावरच्या कुठल्याही मुलाशी ती एक शब्द बोलली नव्हती. काय बोलायचं असतं? तिनं कसंबसं नाव विचारलं. पोरीनं सांगितलं नाही.

उषाबाईंनी जांघेत बोटानं नाडी चाचपली, तिच्या बाजूला बारीक सुई टोचली आणि हळूहळू औषध सोडलं. मग त्या नुसत्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. जमुनाला ते विचित्र वाटलं. मोठे डॉक्टर असते तर एव्हाना काम उरकून चहा घेत असते.

पाच मिनिटं झाली, आठ झाली. शालूचं ओरडणं रडण्यावर आलं, रडणं हुंदक्यांवर. मग तिनं कात्रीनं कापलेल्या फ्रॉककडे बघितलं आणि आईला विचारलं, "हा शिवता येल का गो?"

उषाबाईंनी पायाला चिकटपट्ट्या लावल्या आणि पाय ताणून लोखंडी चौकटीत घातला. वाकडी मांडी जमुनाच्या डोळ्यांदेखत सरळ झाली. हाच तो क्षण. या क्षणाला मुलं कशी किंचाळतात हे तिच्या कोपराला पाठ होतं. शालू मान उचलून आपल्याच पायाकडे बघत होती, शेजारणीचा पाय असावा तशी.

जमुना तशीच बाहेर हात धुवायच्या मोरीपाशी जाऊन बसली. थोड्या वेळानं उषाबाई आल्या, तेव्हा तिनं विचारलं, "बाई, ही सुई नवीन निगालीय का?"

हो म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नाही मावशी, औषध जुनंच आहे. जखम शिवताना बधिर करायला टोचतो ना, तेच. बाटली आपल्याच कपाटात होती."

त्या कपाटाची काच जमुना रोज सकाळी पुसत असे. आतली प्रत्येक बाटली तिला रंगानं ठाऊक होती. हाताला साबणाचा वास येत होता, एवढंच तिला पुढे आठवत राहिलं.

दिवेलागणीला ती घरी आली. नलू आता सतरा वर्षांची, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात औषधाच्या गोळ्या भरायला जायची. ती चुलीपाशी तांदूळ धूत होती. जमुनानं विचारलं, पाय मोडलेला ते तुला आठवतं का?

"आठवतं."

"तू आवाज काढला नायस."

नलूनं पाणी ओतून दिलं. "काडनार कशी? तू माज्या तोंडात पदर कोंबला होतास. डॉक्टर रागावतील म्हनालीस."

रागानं नाही, जेवायला वाढू का म्हणावं तशी ती म्हणाली. जमुनाला पदर आठवत नव्हता. अकरा वर्षं जी गोष्ट ती कौतुकानं सांगत आली, तिच्यातला पदरच तिच्या डोक्यातून पुसून गेला होता.

तीन दिवस ती कामावर गेली नाही. चौथ्या दिवशी गेली आणि उषाबाईंना म्हणाली, मला शिकवा. लिहिता-वाचता येत नसलं तरी फळी कशी बांधायची, पाय कुठे आधार देऊन उचलायचा, सुई लागू पडली हे मुलाच्या कपाळाच्या आठ्यांवरून कसं ओळखायचं, सगळं ती शिकली. मुलांशी बोलायलाही शिकली. ते सगळ्यात अवघड गेलं.

एकोणनव्वदमध्ये उषाबाई लग्न होऊन बडोद्याला गेल्या. नवे डॉक्टर तरुण होते आणि सतत घाईत असत. पहिल्याच आठवड्यात एका हिंदी बोलणाऱ्या कामगाराचा पाच वर्षांचा मुलगा आला. हातगाडी मांडीवरून गेली होती. जमुनानं फळी बांधली होती. डॉक्टर म्हणाले, मावशी, धरा.

जमुनानं दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी धरनार नाय. आदी सुई द्या."

पुष्पलता सिस्टरच्या हातातला ट्रे वाजला. आयेनं डॉक्टरला नाही म्हटलेलं त्या इस्पितळात कोणी ऐकलं नव्हतं. डॉक्टर लाल झाले. दोन मिनिटांचं काम आहे, म्हणाले.

"दोन मिन्टं कोनाची, डॉक्टर?"

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "मी ती सुई कधी दिलेली नाही."

हे मात्र जमुनानं हिशेबात धरलेलं नव्हतं. तिला वाटलं होतं, येत असून देत नाहीत. ती हळू आवाजात म्हणाली, मी बसते याच्याजवळ, तुमी बगून या. डॉक्टर आपल्या खोलीत गेले, पुस्तक काढून वाचून आले. मग नाडी दोनदा चाचपून त्यांनी सुई दिली. पाय ताणून बांधून झाला, तरी मुलगा जमुनाची बोटं धरून विचारत होता, "मौसी, शुरू कब होगा?"

डॉक्टर आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तक्रारही केली नाही. नवव्या दिवशी पाय मोडलेली मुलगी आली, तेव्हा त्यांनी स्वतःच कपाट उघडलं.

शहाण्णवला जमुना निवृत्त झाली. त्याच्या आदल्या वर्षी पुंडलिक नावाचा तरुण बायकोसोबत आपल्या मुलीला लस टोचायला घेऊन आला होता. त्याच्या नडगीवरची खूण तिनं ओळखली; एकोणऐंशी साली तिनंच त्याला धरलं होतं. तिनं त्याला तसं सांगितलं आणि हात जोडले.

"मला काय बी आठवत नाय मावशी," तो हसून म्हणाला. पण मुलीला त्यानं बायकोकडे दिलं आणि सुईच्या खोलीत तिला पाठवलं. तो स्वतः दाराबाहेरच उभा राहिला.