शुक्रवारचा ओढा

आमच्या डोंबिवलीत कंपन्यांना सुट्टी शुक्रवारी असते. माझे वडील कंपनीत कामाला होते, त्यामुळे लहानपणी आमच्या घरी मटण शुक्रवारी शिजायचं आणि रविवारी सकाळी त्यांचा डबा भरला जायचा. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं असं म्हणायची मला सोय नाही.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरल्यावर आमच्या विभागाने मानपाड्याच्या पलीकडच्या एका ओढ्याची तब्येत तपासायचा प्रकल्प घेतला. डोंगरातून येऊन रसायनांच्या कंपन्यांमागून वाहणारा, उडी मारून ओलांडता येईल एवढा ओढा. दर आठवड्याला बाटल्या भरायच्या, पाण्यातला प्राणवायू मोजायचा, रंग आणि वास लिहायचा, दगड उलटे करून खाली कोण राहतं ते बघायचं. वार मी ठरवला, शुक्रवार. त्या दिवशी ट्रक नसतात, रस्ता मोकळा मिळतो आणि रिक्षावाला कुरकुर करत नाही.

ओढ्याकाठी एका आगरी मावशींचं घर होतं. आजूबाजूची शेती जाऊन इमारती आल्या होत्या, पण मावशी अजून मेथी-मुळा लावायच्या. घरामागे त्यांची विहीर, ओढ्यापासून चार पावलांवर. विहिरीला वास येतो म्हणून सुनेने ते पाणी प्यायचं बंद केलं होतं आणि सासू-सुना देवळाजवळच्या नळावरून हंडे आणत होत्या. मावशींचे गुडघे गेलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "बाय, बाकीचा तुजा तू लिव. मला येवढाच सांग, हिरीचा पानी पिवाचा का नाय?"

मी म्हटलं, आधी ओढ्याचं काय ते कळू दे, मग विहिरीचंही कळेल. हे काही शास्त्राला धरून नव्हतं, पण बोलून गेले.

ओढा दर शुक्रवारी शहाण्या मुलासारखा वागला. पाणी नितळ, प्राणवायू बरा, वास नाही. फक्त दगडांखाली कोणी राहत नव्हतं. चांगल्या ओढ्यात दगडाला चिकटून चपटे, तीन शेपट्यांचे चिमुकले किडे असतात. त्यांना घाण सोसत नाही. आमच्या दगडांखाली निघाल्या त्या लालभडक अळ्या, गटारात असतात तशा. एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, पाणी एवढं चांगलंय तर मग हे एवढेच कसे?" मी सांगितलं, बाकीचे पावसात वाहून गेले असतील. बाटलीतलं पाणी आजचं सांगतं आणि किडे महिन्याचं सांगतात, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

अहवालात मी लिहिलं, ओढ्याची प्रकृती चांगली. मावशींनी कागद मागितला म्हणून मराठीत एक पान वेगळं काढून दिलं. त्यांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवांच्या फोटोखाली खिळ्याला अडकवलं. आम्ही चहा प्यायलो आणि प्रकल्प संपला.

पाच महिन्यांनी एका मंगळवारी मी पुन्हा तिकडे गेले. किडे धरायची आमची एक जाळी मावशींच्या पडवीत राहिली होती आणि नव्या बॅचला ती लागणार होती. मोरीच्या पुलावरून ओढा पाहिला. पाणी जांभळट होतं, वर फेस होता, आणि रिक्षावाल्याने एव्हाना नाकाला रुमाल लावला होता. मी उभी राहिले. लाज वाटायला हवी होती. मला काहीच वाटलं नाही. आंघोळ करताना कानात पाणी गेल्यावर ऐकू येतं तसं सगळं लांबून ऐकू येत होतं. मी फक्त वार मोजत होते.

मावशी ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. मी बाजूला बसले आणि सांगून टाकलं की कागदावरचं चुकलंय, मी फक्त सुट्टीच्या दिवशी बघितलं, विहिरीचं पाणी पिऊ नका.

"पाच म्हैने झालं पितंय," त्या म्हणाल्या. "तू बोललीस ना चांगला हाय."

"मावशी, पण तुम्हाला रोज दिसतं ना हे? हा रंग?"

"दिसतो की."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुमी मशीन लावून बगता. मला वाटला तुमाला ठावं आसंल." त्यांचे हात थांबले नाहीत. काड्या एकीकडे, पानं एकीकडे. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सुनेला नको सांगू. ती नको बोलत होती. मीच तिला तुजा कागद दाखवला."

मी काही बोलायच्या आत सून दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती सासूशी भांडेल असं मला वाटलं, मला तरी बोलेल असं वाटलं. बोलली असती तर बरं झालं असतं. जाळी घेऊन मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मी तो कागद मानलाच नव्हता. आईंना न सांगता रोज पाणी वीस-वीस मिनिटं उकळायचे. माझ्या मुलीला तर उकळल्याशिवाय घोटभरसुद्धा दिलं नाही. म्हणजे आम्हाला काही झालं नसेल ना?"

तिच्या चेहऱ्यावर पाच महिन्यांच्या शहाणपणाचं थोडं समाधानसुद्धा होतं. उकळल्याने जंतू मरतात. कंपन्यांमधून जे येतं ते उकळून जात नाही. पाणी आटतं आणि ते तेवढंच उरतं, कमी पाण्यात जास्त कडक. मी तिला हे सांगितलं, वर्गात सांगते तसंच, सावकाश आणि दोनदा.