शिकणाऱ्याला गरम जेवण लागतं

"मॅडम, तुमचा विभाग भूकंपातून वाचला, पण या क्लासेसमधून काही वाचत नाही," प्राचार्य म्हणाले.

लातूरच्या कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवत होते. त्या वर्षी प्रथम वर्षाला माझा विषय कुणीच घेतला नव्हता. विद्यार्थी नाहीत म्हणजे तास नाहीत, आणि तास नाहीत म्हणजे मी सरप्लस. सरप्लस म्हणजे पगार चालू, पण जिथे जागा असेल तिथे रवानगी.

"महिनाअखेरीपर्यंत पोरं आणा. नाहीतर खोली झूलॉजीला देतो."

माझा खास विषय स्त्रीवादी तत्त्वज्ञान. सोप्या भाषेत सांगायचं तर, मोठमोठे विचार वाचताना विचारवंताची भाकरी कुणी थापली, हेही विचारायचं. यावर मी परदेशात निबंध वाचून आले होते. लातुरात मात्र सगळ्यांना डॉक्टर व्हायचं होतं.

चरफडत घरी निघाले. वाटेत एका कोचिंग क्लासच्या फाटकाबाहेर बायका डबे घेऊन बसल्या होत्या. पोराच्या 'नीट' या मेडिकल प्रवेश परीक्षेसाठी लोह्याहून, देवणीहून यायचं, खोली भाड्याने घ्यायची आणि पोराला रांधून घालायचं. डबा दिला की दुपार मोकळी. रोज मी त्यांना वळसा घालून जायचे. त्या दिवशी थांबले.

"तुमच्यात बारावी झालेलं कोण आहे?"

बरेच हात वर झाले. लोह्याच्या रुक्मिणबाई म्हणाल्या, "हाव, झालीय की. निकालाआधीच लगीन लागलं."

"मग बीएला या. दुपारी."

"अन् डबा?"

"डबा देऊनच या."

वर्ग भरला. प्राचार्यांनी दारातून डोकावलं.

"मॅडम, मी पोरं म्हणालो होतो."

"पोरांच्या आया आहेत सर. जवळचंच नातं."

पहिला धडा सिलॉजिझमचा. म्हणजे दोन विधानांवरून तिसरं काढायचं. सगळी माणसं मरतात, अमका माणूस आहे, म्हणून तो मरणार. रुक्मिणबाई उठल्या.

"मरणाचं ऱ्हाऊ द्या मॅडम. जो शिकतो त्याला गरम जेवण लागतं. मी शिकून राहिले. म्हंजी मला गरम जेवण लागतं. बरुबर हाय का?"

"अगदी बरोबर."

"मग हे लोह्याला आमच्या मालकांना फोन करून सांगू?"

वर्ग हसला. मीही हसले आणि विसरून गेले.

नीट जवळ आली तशी मी दिवस मोजू लागले. पोरं पास झाली की आया गावी जाणार. देवापुढे हात जोडले, पण मागावं काय तेच कळेना. रुक्मिणबाईंचा पोरगा मेडिकलला लागला. त्यांनी पेढे दिले, ते मी रडवेल्या तोंडाने खाल्ले.

द्वितीय वर्षाच्या पहिल्या तासाला वर्गात शिरले, तर पहिल्या बाकावर रुक्मिणबाई! मागे आणखी काही जणी. त्यातल्या निम्म्यांची पोरं रिपीटर होती, पण विभाग टिकला.

"घरमालक म्हनला, पोरगं तर गेलं, आता खोलीवर शिकनार कोन?" रुक्मिणबाई म्हणाल्या. "म्हनलं, मीच की."

फळ्याकडे तोंड करून मी उगाच तारीख लिहीत बसले.

तास संपत आला तेव्हा दारात टोपीवाले एक गृहस्थ दिसले. हातात डबा.

"आमचे मालक," रुक्मिणबाई पुटपुटल्या. "सकाळीच लोह्याहून खोलीवर आलेत."

"मॅडम, अजून किती येळ हाय?" ते म्हणाले. "भाकरी जरा वाकडीतिकडी झालीय, पर गरम हाय. गार होऊन राहिली."

घरकाम कुणाचं यावर मी उभी हयात व्याख्यानं दिली, पण एकाही नवऱ्याला चुलीपुढे बसवू शकले नाही. तेव्हापासून मी फक्त तर्काची पद्धत शिकवते, निष्कर्ष ज्याचा त्याने काढावा. आणि दुपारचा तास वेळेवर सोडते.